लाइट गेल्यावर बॅटरी कोण खातं? रिकाम्या थ्रेडचा शोध, पायरी-पायरीने

मिरगाचा पाऊस सुरू झाला की कोकणात लाइटचा भरवसा राहत नाही. फांदी तारेवर पडते, डीपीवरचा फ्यूज जातो, आणि वायरमन भर पावसात पलीकडच्या वाडीत अडकलेला असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात विजेचे खांबच आडवे झाले आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला तेच दाखवलं. गावातून प्रोग्रामिंगचं काम करणाऱ्या किंवा रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडे शिकणाऱ्या मुलामुलींसाठी लॅपटॉपची बॅटरी हा पावसाळ्यातला खरा साठा असतो.

हा साठा वाढवायचा म्हटलं की सगळे स्क्रीनचा उजेड कमी करतात. ते बरोबरच आहे, आधी तेच करा. पण त्यानंतर एक मोठा खर्च उरतो आणि तो सहसा कोणी बघत नाही. काहीच काम न करणारे, पाठीमागे नुसते बसून असलेले प्रोग्राम बॅटरी खात असतात. तुम्ही लिहिलेले आणि तुमच्या भाषेच्या रनटाइमने, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या तिच्या यंत्रणेने, तुमच्या नकळत सुरू केलेले, असे दोन्ही त्यात येतात. ते शोधायचे कसे, थांबवायचे कसे, आणि कोणते तसेच सोडून द्यायचे, ते इथे सांगतो. बहुतेक सगळं लिनक्स धरून लिहिलं आहे. आज्ञा आणि फोल्डरांची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

आधी हे समजून घ्या: प्रोसेसर झोपतो कसा

काम नसलं की प्रोसेसरचा कोअर झोपतो. या झोपेच्या पायऱ्या असतात, त्यांना सी-स्टेट म्हणतात. सी१ मध्ये कोअरचं घड्याळ थांबतं, बस. सी६ मध्ये कोअरची स्थिती बाजूला जपून ठेवून त्याची वीजच तोडली जाते. सी१० पर्यंत उतरलं की चिपचा बहुतेक भाग बंद होतो. जितकं खोल उतरावं तितकी वीज वाचते, पण उतरायला आणि परत वर यायला वेळ लागतो, आणि त्या येण्याजाण्यातही वीज जाते.

म्हणून प्रत्येक पायरीला एक किमान मुक्काम ठरलेला असतो. तेवढा वेळ सलग झोप मिळणार असेल तरच तिथे उतरणं परवडतं. इंटेलच्या २०१५ मध्ये आलेल्या स्कायलेक पिढीच्या लॅपटॉप-प्रोसेसरसाठी लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, असा तक्ताच आहे. त्यात सी१ ला २ मायक्रोसेकंद, सी६ ला २०० मायक्रोसेकंद आणि सी१० ला ५,००० मायक्रोसेकंद, म्हणजे ५ मिलिसेकंद, इतका किमान मुक्काम दिलेला आहे. सी१० मधून वर यायलाच ८९० मायक्रोसेकंद लागतात.

आता असा एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, घ्या जो दर मिलिसेकंदाला उठतो, काही आलंय का बघतो आणि पुन्हा झोपतो. प्रत्येक वेळी त्याला १० मायक्रोसेकंद लागतात असं धरू. सेकंदाला १,००० वेळा उठणं, म्हणजे सगळे मिळून १० मिलिसेकंद. सिस्टिम मॉनिटर सांगेल, हा प्रोग्राम प्रोसेसरचा फक्त १ टक्का वापरतो. आपण बघतो, १ टक्का म्हणजे काहीच नाही म्हणतो आणि विंडो बंद करतो. पण ५ मिलिसेकंदांची सलग झोप त्या कोअरला कधीच मिळालेली नसते, म्हणजे सी१० त्याच्यासाठी संपलं. त्यात भर म्हणजे अख्खी चिप खोल झोपायची तर सगळेच कोअर झोपलेले असावे लागतात. आठांतला एक जरी असा उठत राहिला, तरी बाकी सातांच्या झोपेचा पुरता फायदा मिळत नाही.

खाडीवरची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, डोळ्यांसमोर आणा. पलीकडच्या जेटीवर कोणी आलंय का हे बघायला तरीवाला दर पाच मिनिटांनी इंजिन चालू करून अर्ध्या खाडीपर्यंत जाऊन येऊ लागला, तर दिवसभरात एक माणूस न नेताही डिझेल संपेल. पलीकडून हाक आली की निघायचं, ही रीत त्याला कोणी शिकवावी लागत नाही. प्रोग्रामला मात्र आपणच शिकवावी लागते.

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: टक्के बघू नका, सेकंदाला किती वेळा उठतो ते बघा.

पहिली पायरी: मोजायची सुरुवात कुठून

चार्जर काढा. उजेड एका ठरावीक जागी ठेवा आणि तो पुढे बदलू नका. ब्राउझर बंद करा, कारण एक उघडा टॅबही सगळा हिशोब बिघडवतो. आता पाच-दहा मिनिटं लॅपटॉपला हात लावू नका आणि मग आकडा बघा. सिस फोल्डरमधल्या क्लास फोल्डरात पॉवर-सप्लाय आहे, त्यात बॅट० नावाखाली पॉवर-नाऊ ही फाइल सापडते. तिच्यातला आकडा मायक्रोवॅटमध्ये असतो, म्हणजे ६०,००,००० दिसले तर ६ वॅट. काही लॅपटॉपवर ही फाइल नसते. तिथे करंट-नाऊ आणि व्होल्टेज-नाऊ या दोन फाइली असतात, त्यांचा गुणाकार करायचा.

बॅटरीचं मीटर सावकाश बदलतं, म्हणून एका वाचनावर विसंबू नका. थोड्या थोड्या वेळाने आकडे घ्या आणि सरासरी काढा. ५० वॅट-तासांची बॅटरी ५ वॅटवर १० तास चालते, ७ वॅटवर सात तासांच्या जरा वर. दोन वॅटचा फरक म्हणजे जवळजवळ तीन तासांचं काम.

दुसरी पायरी: उठवणारा कोण

इथे पॉवरटॉप हे साधन लागतं. ते इंटेलने २००७ मध्ये काढलं, आणि त्या वर्षालाही कारण आहे. त्याआधी लिनक्सचं कर्नेल स्वतःच काम असो वा नसो, सेकंदाला १००, २५० किंवा १,००० वेळा ठोका देऊन प्रोसेसरला उठवायचं. त्या गोंगाटात एखाद्या प्रोग्रामची खोडी कळायचीच नाही. २००७ मध्ये कर्नेलच्या २.६.२१ आवृत्तीत रिकाम्या वेळी हा ठोका बंद करण्याची सोय आली आणि मग खरे जागे राहणारे उघडे पडले.

पॉवरटॉप सूडो लावून, म्हणजे ॲडमिनचे अधिकार घेऊन, चालवा. पहिल्या पानावर सेकंदाला एकूण किती वेळा जाग आली ते येतं आणि खाली कोणी किती वेळा उठवलं त्याची यादी असते. टॅब दाबून पुढच्या पानावर गेलात की कोणत्या सी-स्टेटमध्ये किती टक्के वेळ गेला ते दिसतं. लॅपटॉप रिकामा असताना सर्वांत खोल पायरीवर सर्वांत जास्त वेळ दिसायला हवा. तसं दिसत नसेल तर शोध सुरू करायला कारण मिळालं.

विंडोज असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजी ही आज्ञा एनर्जी पर्यायासह चालवा. ती ६० सेकंद निरीक्षण करून अहवाल तयार करते. त्यात प्लॅटफॉर्म टायमर रिझोल्यूशनचा भाग आवर्जून वाचा. विंडोजचा टायमर एरवी १५.६ मिलिसेकंदांचा असतो. कुठल्या प्रोग्रामने तो खेचून १ मिलिसेकंदावर आणला असेल तर त्याचं नाव तिथे येतं.

तिसरी पायरी: नेमका थ्रेड

पॉवरटॉपने सांगितलं की जावा उठवतोय, पण जावात वीस-पंचवीस थ्रेड असतात. त्यातला कोणता?

यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. प्रॉक फोल्डरमध्ये प्रोसेसच्या क्रमांकाचं फोल्डर असतं, त्यात टास्क, आणि टास्कमध्ये प्रत्येक थ्रेडचं स्वतःचं फोल्डर. तिथल्या स्टेटस फाइलमध्ये व्हॉलंटरी कॉन्टेक्स्ट स्विच अशी एक ओळ आहे. थ्रेड आपणहून किती वेळा झोपायला गेला, त्याचा तो एकूण आकडा. प्रोग्राम रिकामा असताना आकडा लिहून घ्या, १० सेकंदांनी पुन्हा बघा, फरकाला १० ने भागा. रिकाम्या थ्रेडसाठी हेच त्याचं सेकंदाचं उठणं. पिडस्टॅट या साधनात डब्ल्यू आणि टी हे पर्याय लावले तर हीच वजाबाकी ते स्वतः करून देतं, पण एकदा तरी हाताने करून बघा. आकडा कुठून येतो ते मग विसरत नाही.

त्याच फोल्डरातल्या कॉम फाइलमध्ये थ्रेडचं नाव मिळतं. लिनक्स फक्त १५ अक्षरं ठेवतो, त्यामुळे नाव अर्धवट तुटलेलं दिसेल. स्वतःच्या प्रोग्राममध्ये थ्रेडना नावं देण्याची सवय लावून घ्या, आणि ओळख पटेल असा शब्द सुरुवातीला ठेवा. सगळे थ्रेड एकाच नावाचे असले की हा शोध नको तितका लांबतो.

थ्रेड सापडला की तो कशाची वाट बघत झोपतो ते एसट्रेसने बघा, प्रोग्राम कर्नेलला कोणते कॉल करतो ते हे साधन दाखवतं. एपोल-वेट किंवा फ्युटेक्स हे थांबण्याचे कॉल दिसले आणि मुदत दिलेली नसेल, तर तो थ्रेड शहाणा आहे, हाकेची वाट बघतोय. त्याच कॉलमध्ये ५, १० किंवा ५० मिलिसेकंदांची मुदत पुन्हा पुन्हा दिसली, किंवा नॅनोस्लीपची रांग लागली, तर चोर सापडला. एसट्रेस चालू असताना विजेचा आकडा घेऊ नका. ते साधन स्वतःच प्रोसेसरला जागं ठेवतं.

चौथी पायरी: हा थ्रेड तुमचा की रनटाइमचा

थ्रेडची संख्या बघून घाबरायचं नाही. मुदतीशिवाय झोपलेले दोनशे थ्रेड असले तरी ते वीज जवळजवळ घेत नाहीत, थोडी मेमरी अडवतात एवढंच. दर मिलिसेकंदाला उठणारा एकटा थ्रेड त्या दोनशेंना भारी पडतो.

जावामध्ये रेफरन्स हँडलर, फायनलायझर, सिग्नल डिस्पॅचर ही नावं दिसतील. ते सगळे घटना घडली तरच उठतात, त्यांना सोडा. उठत राहतो तो व्हीएम पिरियॉडिक टास्क थ्रेड. जावाचं यंत्र स्वतःची आकडेवारी गोळा करतं आणि त्यासाठी हा थ्रेड नेहमीच्या मांडणीत दर ५० मिलिसेकंदांना, म्हणजे सेकंदाला २० वेळा उठतो. यूज-पर्फ-डेटा हा पर्याय वजा चिन्ह लावून दिला की ती आकडेवारी बंद होते. त्याची किंमत अशी की जेपीएस आणि जेस्टॅट या साधनांना तुमचा प्रोग्राम दिसेनासा होतो. शिकत असताना ती साधनं हाताशी हवीत, म्हणून एकाच जावासाठी हे करू नका असंच मी सांगेन. पण अँड्रॉइडचं किंवा जावाचं काम करणाऱ्याच्या लॅपटॉपवर एडिटर, ग्रेडल, कॉटलिन असे तीन-चार जावा एका वेळी बसलेले असतात आणि प्रत्येकाचा हा थ्रेड वेगळा. ग्रेडलचा डेमन, म्हणजे पाठीमागे चालणारा प्रोग्राम, काम संपल्यावरही तीन तास तसाच थांबतो. लाइट गेली की आधी ग्रेडलला स्टॉपची आज्ञा द्या. एवढ्या एका आज्ञेने मेमरीही मोकळी होते.

गो भाषेत सिसमॉन नावाचा पहारेकरी थ्रेड आहे. प्रोग्राम चालू असताना तो २० मायक्रोसेकंदांच्या झोपेपासून सुरू करतो. करण्यासारखं काही नाही असं दिसत राहिलं की झोप दुप्पट करत १० मिलिसेकंदांपर्यंत नेतो. सगळी गोरूटीन, म्हणजे गोमधले हलके धागे, थांबली तर सिसमॉन स्वतःही पूर्ण झोपतो. रनटाइम कसा लिहावा याचा हा मला फार आवडणारा नमुना आहे. तुमचा गो प्रोग्राम रिकामा असूनही उठत असेल, तर दोष बहुतेक तुमच्याच टिकरमध्ये, म्हणजे ठरावीक वेळाने वाजणाऱ्या टायमरमध्ये, असतो, किंवा सिलेक्टमध्ये डीफॉल्ट घालून केलेल्या न थांबणाऱ्या लूपमध्ये.

पायथॉनची गोष्ट नवख्यांना मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण दोष भाषेचाही असू शकतो हे तीत दिसतं. पायथॉन २ मध्ये मुदत देऊन कंडिशनवर, म्हणजे एखादी अट पुरी झाल्याच्या हाकेसाठी, थांबलं की आतून खरं थांबणं होतच नसे. एका मिलिसेकंदापासून वाढत ५० मिलिसेकंदांपर्यंतच्या डुलक्या घेत तो लॉक मिळालं का ते तपासत बसायचा. इव्हेंटवर किंवा क्यूवर मुदत लावून थांबणारा प्रत्येक थ्रेड असा सेकंदाला किमान वीस वेळा उठायचा, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला वाटायचं की आपण सगळं नियमाने केलंय. २०११ मध्ये पायथॉन ३.२ आलं, त्यात लॉकलाच मुदत देता येऊ लागली आणि ही तपासणी गेली. आज जुन्या मशिनवर पायथॉन २ चा एखादा प्रोग्राम चालत असेल तर तो बदलायला हे एक कारण पुरेसं आहे.

अर्लँगचं वेगळंच. त्याचे शेड्युलर, म्हणजे कामं वाटून चालवणारे थ्रेड, काम संपलं तरी लगेच झोपत नाहीत. नवं काम पटकन उचलता यावं म्हणून काही काळ जागच्या जागी फिरत राहतात. सर्व्हरवर ते योग्यच आहे. पण शिकण्यासाठी लॅपटॉपवर रॅबिटएमक्यू या प्रोग्रामांमधले निरोप पोचवणाऱ्या साधनाची जुनी आवृत्ती बसवली असेल तर तीही अर्लँगवरच चालते, आणि एकही निरोप नसताना प्रोसेसर हलताना दिसतो. एसबीडब्ल्यूटी हा पर्याय अधिक चिन्हासह ‘नन’ असा दिला की हे फिरणं थांबतं. निरोप पोचायला किंचित उशीर होईल, पण सरावाच्या मशिनवर तो जाणवणार नाही.

वेबचं काम करणाऱ्यांनी फाइल बदलली का हे बघणारं साधन तपासावं. डॉकर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये फाइलबदल कळत नाहीत म्हणून कोणीतरी पोलिंग, म्हणजे ठरावीक वेळाने स्वतःच तपासत राहणं, चालू करायला सांगतं, आपण करतो आणि ते तसंच राहून जातं. चोकिडार हे नोडमधलं लोकप्रिय साधन पोलिंगवर असेल तर प्रत्येक फाइल दर १०० मिलिसेकंदांना तपासतं. हजार फाइलींचा प्रकल्प असेल तर हिशोब तुम्हीच करा. लिनक्समध्ये आयनोटिफाय २००५ पासून आहे. फाइल बदलली की कर्नेलच हाक देतो, पोलिंगची गरजच पडत नाही.

पाचवी पायरी: स्वतःचा कोड सुधारणं

नवख्यांच्या कोडमधला नेहमीचा प्रकार असा: लूप, आत क्यू रिकामी आहे का अशी तपासणी, रिकामी असली तर १० मिलिसेकंद झोप. पायथॉनच्या क्यूमधलं गेट असो, जावाच्या ब्लॉकिंग क्यूमधलं टेक असो की गोचं चॅनेल, ही सगळी वस्तू येईपर्यंत मुदतीशिवाय झोपवतात. ती झोपेची ओळ काढा आणि यांतलं एक वापरा. कोड लहान होतो आणि काम १० मिलिसेकंदांपर्यंत लवकर हाती येतं.

यापुढची खोच जरा नाजूक आहे. कित्येक जण थांबण्याच्या कॉलला बारीकशी मुदत देऊन ठेवतात, कारण ती काढली की प्रोग्राम कधी कधी कायमचा अडकतो. असं होत असेल तर मुदत परत घालू नका. अडकण्याचं कारण असं की तपासणी आणि झोप यांच्या मधल्या फटीत हाक येऊन गेली आणि झोपणाऱ्याला ती कळलीच नाही. लॉक हातात धरून अट तपासायची, अट पुरी नसेल तर तेच लॉक देऊन कंडिशनवर थांबायचं, जाग आल्यावर अट पुन्हा तपासायची; आणि हाक देणाऱ्यानेही अट बदलताना तेच लॉक धरायचं. एवढं पाळलं की मुदतीची गरज राहत नाही. बारीक मुदत हा दोष बरा करत नाही, झाकते. वीज जाते ती वेगळीच.

काही कामं मात्र खरोखरच ठरावीक वेळाने करायची असतात: मेल आली का, सर्व्हर जिवंत आहे का. तिथे दोन प्रश्न विचारा. इतक्या वेळा लागतं का? आणि नेमकी हीच वेळ लागते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर टायमर एकत्र गोळा करा. पाच प्रोग्राम सेकंदाच्या पाच वेगळ्या क्षणी उठले तर पाच जागरणं, एकाच क्षणी उठले तर एक. जीलिब या लायब्ररीत सेकंदांत मोजणारा टाइमआउट वेगळा दिलाय तो यासाठीच. लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीचा टायमर न सांगताही एक मिनिटाची सूट घेतो आणि त्या मिनिटात इतर कामांबरोबर हे काम उरकतो. साध्या थ्रेडला कर्नेल फक्त ५० मायक्रोसेकंदांची सूट देतो, तेवढ्यात फारसं काही गोळा होत नाही.

बागेत बसवलेल्या रास्पबेरी पायबद्दल

देवगड-राजापूरकडे मोहोराच्या दिवसांत बागेतली आर्द्रता नोंदवायला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवण्याची खटपट करणारे बरेच तरुण बागायतदार आहेत, म्हणून हे वेगळं सांगतो. वर लिहिलेलं सगळं लॅपटॉपसाठी आहे. रास्पबेरी पायला लॅपटॉपसारखी खोल झोप नाही. पाय ४ काहीही न करता दोन ते तीन वॅट घेत राहतो, त्यामुळे थ्रेड कितीही शहाणे केले तरी हाती थोडंच लागतं. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे वापरायला ४२. तीन वॅटने ते १४ तासांत संपतात, आणि पावसाळ्यात सोलर पॅनेल दिवसचे दिवस नावापुरतंच असतं. तिथे ईएसपी३२ ही छोटी चिप बसवा. दर पंधरा मिनिटांनी उठायचं, नोंद करायची आणि गाढ झोपायचं. त्या झोपेत चिप स्वतः १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. तयार बोर्डावरचा दिवा आणि व्होल्टेज रेग्युलेटर याहून बराच जास्त घेतात, म्हणून बोर्ड निवडताना त्यांचे आकडे बघा.

सहावी पायरी: पुन्हा मोजा, आणि मोजत राहा

एका वेळी एकच बदल करा. मग पहिल्या पायरीसारखंच चार्जर काढून, त्याच उजेडात आकडा घ्या. वॅटमध्ये फरक दिसला नाही तरी सी-स्टेटचं पान बघा. तिथे सर्वांत खोल पायरीचा वेळ वाढला असेल तर काम झालंय, दुसरं कोणीतरी अजून उठवतंय एवढंच. पुढचं नाव घ्या. सगळ्यांच्या मागे लागायची गरज नाही. सेकंदाला एकदा उठणाऱ्या थ्रेडवर दुपार घालवू नका, शंभरदा उठणारा आधी धरा.

हे एकदा साधलं की तपासणीत घालून ठेवा. प्रोग्राम सुरू करायचा, स्थिर होऊ द्यायचा, ६० सेकंद काहीच काम द्यायचं नाही, आणि सगळ्या थ्रेडचे व्हॉलंटरी कॉन्टेक्स्ट स्विच आधी आणि नंतर मोजायचे. फरक ६० पेक्षा जास्त, म्हणजे सगळे थ्रेड मिळून सेकंदाला सरासरी एकदाहून जास्त उठले, तर चाचणी नापास करायची. ही मर्यादा साध्या प्रोग्रामसाठी आहे. जावा असेल तर पिरियॉडिक टास्कचे सेकंदाला वीस धरून मर्यादा वाढवा. नवी लायब्ररी घातल्यावर चाचणी पडली तर नवा थ्रेड कोणाचा ते कॉम फाइलमधलं नाव सांगेल.